भट्टीत पक्की झालेली तीट

माहं नाव केशरबाई. आमचं गाव लाखांदूरच्या अलीकडं, तलावाच्या पाळीखाली. मी कधी खोटं बोलत नाई. गावातले लोक म्हनतात का बोलते, पन त्याहीनं आंबागड पाह्यलं नाई म्हनून तसं म्हनतात. माहं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याचं, आन् तिथं ज्या गोष्टी झाल्या त्या सपाटीवरच्या लोकाईले पचत नाईत. आता माह्या आजीचं काजळच घ्या. एरंडीच्या तेलाचा दिवा, वर काशाची वाटी पालथी, आन् वाटीतली काजळी गाईच्या तुपात घोटायची. ते काजळ एवढं काळं, का एक डाव तिनं माह्या लहान्या भावाले भर दुपारी तीट लावली तं चार गावचे कोंबडे ग्रहण लागलं समजून झोपून गेले. माही सून चंदा हे आयकून म्हनते का मागच्या डावाले तीनच गावं होती. म्हनलं, बाई, चौथ्या गावची खबर उशिरा आली.

तेच काजळ मी आजबी करते. आन् त्याच काजळानं मागच्या दिवाळीनंतर मी माह्या नातीच्या कामाची वाट लावली. ते सांगते. हे मात्र जसं झालं तसंच सांगते, कारन साक्षीदार जिवंत आहेत.

नात म्हंजे हर्षा, माह्या घनश्यामची पोरगी. भंडाऱ्याले कॉलेज शिकून आली आन् घरी बसून बाहुल्या रंगवते. ह्या बाहुल्या दुकानातल्या नोहेत. पार्सलात येते तवा एक टक्कल पडलेलं डोकं, दोन हात, दोन पाय, सारं अलग अलग, आन् रंग बिलकुल नाई. पहिलं पार्सल मीच खोललं होतं. डब्यातून डोकं निघालं तवा मी तुळशीले हात जोडले आन् मंगच बाकीचं पाह्यलं. ते मऊ प्लास्टिक असते, व्हिनाइल म्हनतात. त्यावर हर्षा रंगाचे पातळ हात देते, एकावर एक, पंधरा पंधरा. निळ्या शिरा, लाल ठिपके, नखं, ओठाच्या सुरकुत्या. दर हातानंतर ते डोकं एका लहान्या ओव्हनमधी आठ मिनिटं भाजते. त्या ओव्हनमधी ती कोनाले केक करू देत नाई. आखरीले कापडाच्या अंगात बारीक काचेची रेती आन् कापूस भरते, डोक्यात जास्ती, म्हंजे उचललं का मान खरोखरच्या लेकरासारखी कलते. पहिली बाहुली झाली तवा माह्या मांडीवर ठेवली आन् मी आपोआप पाय हलवायले लागली. आता सांगा.

तिच्या हातून चुका कमी होत नाईत, पन ती चुकीले घाबरत नाई. हे मले तिचं आवडते. भुवईचा केस जाड झाला तं भाजायच्या आधी ब्रश थिनरमधी बुडवून, पुसून, तोच एक केस उचलून घेते, बाजूच्याले धक्का लागू देत नाई. गाल जास्ती लाल झाले तं वरून हिरव्याचा एकदम पातळ हात देते. मी म्हनलं, लेकराले हिरवं करतं काय व, तं म्हने, आजी, भाजीत मीठ जास्त झालं का तू बटाटा टाकते ना, हे तसंच. पिवळं झालं तं जांभळा. स्पंजाचा रेसा रंगात अटकून भाजला गेला तं सुईनं खरवडते. पन एक गोष्ट तिनं मले पहिल्याच दिवशी सांगतली होती: भाजायच्या आधी काईबी पुसता येते, भाजल्यावर येत नाई. भट्टीतून निघालं ते पक्कं.

तं दिवाळी झाली. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हंजे जत्रा, भरते, आन् मंडई म्हनलं का नाटक आलंच. खुशाल नावाचा एक मानूस लाखांदूरले नाटकाची कंपनी चालवते. त्याच्या यंदाच्या नाटकात तान्हं लेकरू होतं. मागच्या साली त्यानं उशी गुंडाळून लेकरू केलं होतं आन् नायिका रडायले लागली तवा पुढच्या रांगेतून एक बुढी म्हनली, बाई, खोळ बदलव, मंग रड. साऱ्या मंडपात हसू झालं. ती बुढी कोन होती ते मले माहीत आहे, पन तो विषय इथं नोहे.

खुशालनं हर्षाच्या बाहुल्याचे फोटो मोबाइलवर पाह्यले आन् एक लेकरू सांगतलं. गोरंगोमटं पाहिजे म्हनला. शुक्रवारच्या तालमीले हातात द्यायचं, ऐतवारच्या मंडईत पहिला प्रयोग. हर्षानं तवापर्यंत तीन बाहुल्या केल्या होत्या, तिन्ही नातलगाले फुकट दिल्या. बाहेरच्या मानसानं मागितलेली ही पहिली. घनश्याम जेवताना म्हनला का बाई, चांगलं झालं तं मंडईत साऱ्या तालुक्याले दिसंल, आन् बिघडलं तं बी साऱ्या तालुक्यालेच दिसंल. पोरगी त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठली.

तिनं जीव ओतला. प्रयोगाच्या आधीच्या ऐतवारपर्यंत डोकं जवळपास झालं होतं. गोरं, गुलाबी, जसं लोनी. मले ते थोडं उकडलेल्या बटाट्यावानी वाटे, पन मी बोलली नाई, कारन मले विचारलं नोहतं.

त्या दिवशी दुपारी ती नवा हात देऊन, ओव्हन तापाले लावून, मांगं सांदवाडीत, घरामांगच्या वाडीत, ब्रश धुवाले गेली. डोकं सपरीत, म्हंजे पुढच्या पडवीत, खिडकीपाशी ठोकळ्यात ठोकलेल्या खुंटीवर ठेवलं होतं. आन् नेमकी शेजारची रेणू दही मागाले आली. तिनं ते पाह्यलं आन् म्हनली, व माय, किती सुंदर आहे व. परत म्हनली, नजर हटत नाई. तिसऱ्या डावालेबी म्हनली. न थू केलं, न बोटं मोडली, दही घेऊन चालली गेली. आता ज्या बाईनं चाळीस वर्षं गावातली लेकरं आंघोळ घालून, शेकून, तीट लावून मायच्या हाती दिली, तिनं काय करायचं? तीन डाव तारीफ झालेलं लेकरू, तसंच उघडं? डबी कनवटीले होतीच. करंगळी काजळात दाबली आन् डाव्या गालावर टेकवली. अशी गोल बसली, काय सांगू. मले बरं वाटलं. मंग मी देवघरात जाऊन वाती वळत बसली.

हर्षा आली. डोक्याचा उजवा गाल तिच्याकडं होता. तिनं खुंटीसकट उचललं, ओव्हनमधी ठेवलं, दरवाजा लावला. आठ मिनिटानं घंटी वाजली. ती मले देवघरातबी आयकू आली.

ओव्हनचा दरवाजा खोलल्याचा आवाज आला. मंग तिनं हाक मारली.

"आजी, इकडं ये. हे काय होय?"

मी गेली. पाह्यलं. म्हनलं, माशी बसली असंल. आंबागडले अशी एक माशी असते, कोळशाच्या भट्टीपाशी राहते, तिचे पाय उमरभर काळेच राहतात. एकदा ती पाटलाच्या पांढऱ्या घोड्यावर बसली तं तो घोडा बाजारात चितळ म्हनून विकला गेला. हर्षा सारं आयकत राहिली. मंग तिनं डोकं उजेडात नेलं, नखं रंगवायचं भिंग डोळ्याले लावलं आन् निवांत पाह्यलं.

"त्या माशीच्या पायाले रेघा असतात काय? गोल गोल, जशा बोटाच्या असतात?"

मी हात पदराखाली घेतला.

"हात दाखव."

दाखवला. करंगळीच्या टोकाले अजून काजळ होतं. तिनं माही करंगळी त्या गालापाशी नेली, रेघ ना रेघ मिळाली. पोलिसाले जमलं नसतं असं काम झालं.

तिनं आरडाओरडा केला असता तं मले सोपं गेलं असतं. ती फक्त खाली बसली. म्हनली, आजी, भाजलं ना व ते. चंदा चुलीपासून उठून आली, तिनं गाल पाह्यला, माह्याकडं पाह्यलं आन् म्हनली, आई, तुमच्यापुढं चार गावचे कोंबडे बरे, ते झोपले तरी. मी डबी कनवटीत अजून आत खोसली.

संध्याकाळपर्यंत हर्षानं सारे उपाय केले. कापसाच्या काडीले थिनर लावून घासलं, तं काडी थोडी काळी झाली आन् तीट हसत बसली. साधा रंग असता तं एवढाबी निघाला नसता, पन माहं काजळ तुपातलं, तेलातलं, ते वरून थोडं सुटलं, बाकीचं गरमीनं त्या प्लास्टिकच्या आंगात मुरलं. मंग तिनं नखावरची पॉलिश काढायचं तिखट वासाचं पानी घेतलं, खिडक्या खोलल्या, तोंडाले ओढनी बांधली. त्या पान्यानं तीट निघाली, पन तिच्यासंगं गालावरचे बारा हात रंगबी निघाले. खाली रुपयाएवढा गाल उघडा पडला, चकचकीत, जसा नवा प्लास्टिकचा मग. आन् त्या चकाकीच्या आत, खाली, राखेसारखी सावली. तेवढी काई गेली नाई. तिनं वरून गुलाबी देऊन भाजून पाह्यलं. सावली वर आली. अजून एक हात दिला. गाल जाड दिसाले लागला, लेकराले जशी गालफुगी झाली, आन् सावली होती तिथंच.

सोमवारी सकाळी तिनं चहा तसाच ठेवला. म्हने, खुशालभाऊले फोन करून सांगते का नाई होत. नवं डोकं मागवलं तं यायलेच दहा दिवस लागतात. फोन हातात घेऊन बसली होती, लावत नोहती.

मले तिचं ते बसनं पाहवलं नाई. मी तिच्या बाजूले जाऊन बसली. माफी मागायची मले सवय नाई, म्हनून मी दुसरंच विचारलं.

"नाटकात ह्या लेकराची माय कोन आहे?"

तिनं मोबाइलवर नाटकाचं पॉम्प्लेट दाखवलं. माय म्हनून रुचिका नावाची पोरगी. सावळी, डोळे मोठे, चांगली धानाच्या बांधीत राबलेल्या घरची दिसे. बाप झालेला नट तिच्याहूनबी पक्का, जसा लोखंडी तवा.

म्हनलं, "मंग हे लोन्यावानी लेकरू कोनाचं? लोक नाटक सोडून तेच विचारत बसतील, हर्षे. त्या बिचाऱ्या रुचिकेची फुकट बदनामी."

हर्षाले हसू आलं, पन तिनं ते दाबलं. म्हने, त्याहीनं गोरं सांगतलं आहे.

म्हनलं, सांगतलं असंल. पन मी चाळीस वर्षांत ज्या लेकराइले आंघोळ घातली त्यात असं एकबी निघालं नाई. तू डाग उजेडाकडं ओढून राहिली, तो येत नाई. मंग साऱ्या लेकरालेच त्याच्याकडं घेऊन जाय ना. चेहरा गडद कर, सावली आपोआप घरची होईल.

तिनं माह्याकडं पाह्यलं. मंग फोन बाजूले ठेवला आन् थंडा चहा पिऊन टाकला.

आता अडचन अशी का तिनं रंगवायचं शिकलं मोबाइलवरून, आन् तिथं सारे बाहेर देशातले लेकरं. आपल्या लेकराचा रंग तिच्यापाशी नोहताच. पन रेणूच्या सुनेले नऊ दिवसाचं लेकरू होतं आन् त्याले रोज आंघोळ मीच घाली. मी हर्षाले संगं नेलं. रेणूनं दारातच सांगतलं का बारसं झाल्याबिगर फोटो काढाचा नाई. बरोबरच आहे. मंग हर्षानं काय केलं, घरी येऊन भुऱ्या रंगाचे सात मेळ केले आन् मनगटापासून कोपरापर्यंत सात ठिपके देऊन परत गेली. मी लेकराले पायावर घेऊन पानी टाकत होती आन् ही बाजूले उकिडवी बसून आपला हात त्याच्या गुडघ्यापाशी नेई, मंग कपाळापाशी, मंग कानापाशी. लेकराची माय विचारते, ताई, हे काय करते? मी म्हनलं, हे मोजमाप होय, भंडाऱ्याच्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं. त्यावर तिनं दुसरा गुडघाबी पुढं केला.

तिथंच मी हर्षाले दाखवलं, जे मोबाइलवर कोनी सांगत नाई. तान्ह्या लेकराचा खरा रंग कानाच्या वरच्या पाळीले पाहाचा, पुढं ते तसंच होते. बोटाच्या पेरावर आन् नखाच्या मुळाशी गडद. तळवे आन् तळपाय गुलाबी. कपाळ गालापेक्षा एक हात काळं. ओठ लाल नसतात, जांभळाची साल चुरडल्यावानी असतात. मानेच्या घड्या आत पांढुरक्या, वर काळपट. हर्षा तोंडातल्या तोंडात घोकत राहिली, जसं लहानपनी पाढे घोके.

सोमवार दुपारपासून बुधवारपर्यंत ओव्हनची घंटी वाजतच राहिली. चंदानं हर्षाच्या वाटचं सारं काम उचललं, धान चुराले, म्हंजे मळाले, मानसं आली होती तरी तिले हाक मारली नाई. पहिले हर्षानं त्या गालाची चकाकी मारली. जाडसर, बिनरंगाचा लेप होता तिच्यापाशी, तो स्पंजानं टोचून टोचून बसवला, म्हंजे कातडीवर बारीक खड्डे दिसतात तसे उठले. मंग भुऱ्याचे पातळ हात. डोक्याले दिला का तोच हातालेबी, पायालेबी, नाई तं डोकं एका घरचं आन् पाय दुसऱ्या घरचे. मी खाटेवर बसून सांगो, कान अजून, पेर अजून, कपाळ बस. खिडकीपाशी मले येऊ देत नोहती. माहे दोन्ही हात तिले दिसले पाहिजेत अशी तिची अट होती, म्हनून मी तीन दिवसांत वाती एवढ्या वळल्या का पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतील.

बुधवारी संध्याकाळी उन्हं तिरपी झाली तवा तिनं डोकं उजेडात धरलं. सावली अजून होती. कमी झाली होती, पन मले दिसली, आन् तिले तं दिसलीच. तिनं डोकं अजून उजेडाकडं फिरवलं. मंग मले आठवलं ते रेणूच्या नातवाचं आंग, पानी पडल्यावर कसं ठिकठिकानी चट्ट्याचट्ट्याचं होते. एक जागा गडद, बाजूची फिकी, पुन्हा गडद. मी तेवढंच म्हनली का ह्या गालाले एकट्यालेच सावली आहे म्हनून ती डाग दिसते.

तिनं डोकं खाली ठेवलं. स्पंजाचा तुकडा तोडून, कडा फाडून, वाकडातिकडा केला. राखी आन् भुऱ्याचा मेळ करून दुसऱ्या गालावर एक ठसा. हनुवटीच्या बाजूले एक. कपाळावर दोन, एकदम हलके. मंग हातावर, मांडीवर. वरून लालसर जाळी, त्यावर पुन्हा भुऱ्याचा हात. दर ठशानंतर मांगं सरकून पाहे. आठ मिनिटं भाजलं. काढलं. मी भिंग मागितलं आन् डाव्या गालावर माहीच तीट शोधली. कुठं होती ते मले माहीत होतं, तरी सापडली नाई. सापडली ती कातडी. एकटा होता तवा तो डाग होता, दहा झाले तं लेकरू झालं.

गुरुवारी तिनं केस रंगवले, आंग भरलं, शिवलं. माहं जुनं, मऊ झालेलं लुगडं फाडून त्यात गुंडाळलं.

शुक्रवारी आम्ही दोघी एसटीनं लाखांदूरले गेलो. मी मनात ठरवलं होतं का लेकरू मांडीवर उघडं घ्यायचं आन् बसमधल्या बायाची गंमत पाहाची. पन हर्षानं ते डब्यात टाकून, डब्याले दोरी बांधून आपल्या मांडीवर ठेवलं. एवढा बेकार प्रवास मी उमरीत केला नाई.

तालीम एका मंगल कार्यालयात होती. एका बाजूले लाकडी मंच, दोन मोठे दिवे लावलेले, पेटीवाला, तबलेवाला, पाच सात नट चहा पीत बसले होते. खुशाल आला. जाडा, गळ्यात रुमाल, बोलायले गोड. हर्षानं डबा खोलला. त्यानं पाह्यलं आन् त्याचं तोंड उतरलं.

"पोरी, गोरं म्हनलं होतं ना मी."

माह्या तोंडात गोष्ट तयार होती. अशी गोष्ट का खुशालनं रडत रडत लेकरू घेतलं असतं. पन हर्षानं माह्या मनगटावर हात ठेवला आन् सरळ सांगतलं. म्हनली, भाऊ, गोरंच केलं होतं. माह्याकडून गालावर डाग भाजला गेला, तो निघाला नाई, म्हनून रंग गडद केला. तुम्हाले नाई पाहिजे तं तसं सांगा, मी वापस नेते.

माह्याकडून म्हनली. मले ते टोचलं. मी म्हनलं, "तिच्याकडून नाई. तीट म्या लावली. तिले माहीत नोहतं आन् तिनं तसंच भाजलं."

खुशाल म्हनला, आजी, बाहुलीले कोनी तीट लावते काय. तो मले हसला. मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलली आन् त्याले ती थाप वाटली. पन तो विचारात पडला, कारन ऐतवार दोन दिवसावर होता. त्यानं पेटीच्या मांगून एक दुसरी बाहुली काढली. त्यानं हुशारीनं आधीच बाजारातून आनून ठेवली होती, गुलाबी, निळ्या डोळ्याची. म्हनला, दोन्ही पाहून घेऊ.

दोन्ही बाहुल्या मंचावर ठेवल्या, दिवे लावले आन् तो आखरीच्या भिंतीले जाऊन उभा राहिला. मीबी त्याच्या मांगं गेली. हर्षा डब्यापाशीच थांबली, दोरी बोटाले गुंडाळत. दिव्याखाली ती बाजारची गुलाबी बाहुली एकदम पांढरी पडली. डोळे नाई, नाक नाई, जशी कोनी स्टीलची थाळी ठेवली. आन् आमच्या लेकराचं नाक दिसे, हनुवटी दिसे, भुवई दिसे. खुशाल डोळे बारीक करून पाहत होता.

तेवढ्यात रुचिका मंचावर चढली. फोटोत होती त्याहून बारीक होती. तिनं विचारलं का हेच काय माहं लेकरू. तिनं बाजारच्याकडं पाह्यलंबी नाई. आमच्याले उचलाले एक हात घातला, तं डोकं मांगं कललं. तिनं झटकन दुसरा हात मानेखाली घातला. तिले कोनी सांगतलं नोहतं. मंग छातीशी धरून उभी राहिली आन् आपोआप डावीकडं उजवीकडं हलाले लागली. पेटीवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला.

खुशालनं मागून ओरडून सांगतलं का दुसऱ्या अंकातलं बोलनं म्हन. ती म्हनाले लागली. बाप लेकराले ओळखत नाई असा तो भाग होता. तिनं लेकराच्या तोंडावरचं लुगडं बाजूले केलं, नवऱ्याच्या समोर धरलं आन् म्हनली, पाह्य, कोनावर गेलं ते तूच सांग. तो तव्यावानी नट खाली वाकला. आता तिथं त्यानं तोंड फिरवाचं होतं, नाटकात तसंच लिहिलं होतं. पन तो पाहतच राहिला. मंग म्हनला, खुशालभाऊ, ह्याले नाई म्हनाले जमत नाई, हे तं माह्या घरचंच दिसून राहिलं.

खुशाल म्हनला, मंग तं अजून जोरात नाई म्हन, लोकाइले तुहाच राग आला पाहिजे. असं म्हनत तो खालून चालत आला, बाजारची बाहुली उचलून पेटीच्या मांगं टाकली आन् हर्षापाशी येऊन थांबला. त्यानं रंगाबद्दल एक शब्द काढला नाई. एवढंच विचारलं का घामानं, हातानं हा रंग जाईल काय, तीस प्रयोग आहेत. हर्षा म्हनली, जात नाई भाऊ. भाजलेला आहे. काढतो म्हनलं तरी जात नाई, मी करून पाह्यलं.

लेकरू कुठं ठेवाचं ह्यावर तिथं भांडन झालं. सामानवाला म्हने सामानाच्या पेटीत, तलवारी आन् दाढ्या मिशा ठेवतो तिथं. रुचिकानं साफ नाई म्हनलं, ते माह्यासंगंच राहील म्हनली. आम्ही निघालो तवा ती मंचाच्या कडेले बसून त्याचं लुगडं नीट करत होती आन् तो नट बाजूले उभा राहून तिले सांगत होता का पाय उघडे पडून राहिले.

ऐतवारचा प्रयोग घनश्याम आन् चंदा पाहून आले. चंदानं सांगतलं का पुढच्या रांगेतल्या बाया त्या नटाले शिव्या देत होत्या आन् एकीनं तं खुर्चीवरून उठून लेकरू इकडं आन म्हनलं. मी गेली नोहती. खुशालनं निरोप पाठवला होता का आजीले घरीच ठेवा, पुढच्या रांगेत नको. त्याले ती मागच्या सालची बुढी कशी कळली, देव जाने.

पंधरा दिवसानं त्याचा फोन आला. दुसऱ्या कंपनीलेबी एक लेकरू पाहिजे होतं. पार्सल आलं, डोकं, हात, पाय, सारं कोरं. हर्षानं ते सपरीत खिडकीपाशी मांडलं आन् मले बोलावून आपल्या बाजूले स्टूल दिलं. खाटेवर नाई, बाजूले. ब्रश पुसत विचारलं, आजी, ह्याले कसा रंग देऊ.

म्हनलं, पहिले सांग, माय कोन आहे आन् बाप कोन.

तिनं मोबाइल काढून मले फोटो दाखवले. मी ते दूर धरून, जवळ धरून नीट पाह्यले. मंग आम्ही दोघींनी मिळून पहिला मेळ केला, आन् तिनं तो आपल्या मनगटावर न लावता माह्या मनगटावर लावून पाह्यला.